हातमोज्यांशिवाय

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची. साडेपाच तास जीपमध्ये आपटून अंगातलं एकेक हाड सुटं झाल्यासारखं वाटत होतं. मोजून पाहिली, सगळी जागच्या जागी आहेत.

ही वही वहिनीने दिली. म्हणाली, वन्सं, तिथे तुमची बडबड ऐकायला कोणी नसलं तर हिच्याशी बोला. भाऊ मात्र अजून फुगलेला आहे. बावीस वर्षं इस्पितळात राबलीस, आई गेल्यावर तरी जरा स्वस्थ बस, असं त्याचं म्हणणं. पण आईच्या आजारपणात चार वर्षं गेली, आणि ती गेली तेव्हा तिच्या खोलीबरोबर माझा दिवसही रिकामा झाला. नुसतं बसून राहिलं की मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं. मासिकात या सेवामंडळाची जाहिरात दिसली. खेड्यातल्या दवाखान्यासाठी अनुभवी परिचारिका हवी, तीन महिने, राहणं-जेवण मंडळाकडे, देवावर श्रद्धा असावी. श्रद्धा आहे. माणसांवरही थोडीफार आहे. पत्र टाकून दिलं.

जीपचा ड्रायव्हर भलताच बोलका. चढ चढताना दम लागतो का, झोप नीट लागते का, घरात कोणाला हृदयाचं काही होतं का, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, बाबा, तू ड्रायव्हर आहेस की विमा एजंट? तो हसला. त्याला नऊ वर्षांची एकच मुलगी आहे. सगळे तिला चिमणी म्हणतात. बायको बाळंतपणात गेली. हे सांगताना मात्र त्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

दवाखाना छान आहे. लांबलचक बैठी इमारत, पांढरा रंग, पत्र्याचं छप्पर. पुढे तपासणीची खोली आणि औषधांचं कपाट, मधे प्रार्थनेची खोली, पलीकडे दहा खाटांचा वॉर्ड. आवाराच्या टोकाला आणखी एक छोटी इमारत आहे, तिच्या खिडक्यांना जाड पडदे. ते विश्रांतीगृह, असं कंपाउंडर म्हणाला. कोणाच्या विश्रांतीचं, ते त्याने सांगितलं नाही. हा माणूस शब्दसुद्धा गोळ्यांसारखे मोजून देतो.

मंडळाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना इथे सगळे मोठ्या ताई म्हणतात. साठीच्या पुढच्या, आवाज मऊ, चाल जरा लंगडी. आल्या आल्या त्यांनी माझीच तपासणी केली. वजन, रक्तदाब, साखर, कार्डिओग्रामसुद्धा. मग स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. हृदय खणखणीत आहे म्हणाल्या. मी म्हटलं, तोंडही आहे.

बुधवार, ६ मार्च

पहिला भांडणाचा प्रसंग. हातमोज्यांचं खोकं मागितलं तर कंपाउंडर म्हणाला, इथे येत नाहीत. मी मोठ्या ताईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की सकाळच्या प्रार्थनेला अधूनमधून एक रुग्ण पुढे घेतात, आणि त्याला सेविकेने मोकळ्या हाताने धरायचं असतं. दुखणाऱ्या माणसाला रबर लावून शिवलं की त्याला आपली किळस येते असं वाटतं. बाकी वेळी काय ते करा.

ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला हे पचायला जड. पण नव्या ठिकाणी तिसऱ्याच दिवशी नाक मुरडू नये म्हणून गप्प बसले, आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुतले.

आजची रुग्ण एक विणकरीण. उजव्या हाताचं अनामिका बोट दोन वर्षं वाकलेलं, सरळ करायला गेलं की खटकन अडकतं. असली बोटं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. प्रार्थना चालू असताना तिचं बोट तळव्यात धरून हळूहळू चोळलं. आणि ते उघडलं. साफ, सरळ, आवाज न करता. विणकरीण बोटाकडे बघत रडायला लागली. मलाही भरून आलं. हातगुण म्हणतात तो हाच की काय, असं वाटून दिवसभर माझी मान जरा ताठच होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला दोन अंडी जास्त वाढली. गावाने पाठवलीत म्हणाल्या.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी बटणं लावताना उजव्या हाताचं अनामिका बोट अडकलं. खटकन. दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावं लागलं.

याला साथ नसते, हे मला पक्कं माहीत आहे. प्रवासात जीपची कांब घट्ट धरून बसले होते, त्याने शिरेला सूज आली असणार. मोठ्या ताईंना गंमत म्हणून सांगितलं. त्यांना ना नवल वाटलं, ना हसू आलं. कोणतं बोट, एवढंच विचारलं आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलं.

दुपारी विणकरीण एक शाल देऊन गेली. दोन दिवसांत विणलेली, सुरेख. गळ्यात पडेल असं वाटलं होतं, पण तिने मान वरसुद्धा केली नाही. शाल पायरीवर ठेवली आणि गेली.

सोमवार, ११ मार्च

शाळामास्तरांचा डावा कान. अकरा वर्षं आत गिरणी चालू आहे म्हणतात. मी आत प्रकाश टाकून पाहिलं, मळ नाही, पडदा स्वच्छ. असल्या कानाला औषध नसतं. मोठ्या ताई म्हणाल्या, तळवा ठेवा. ठेवला. प्रार्थना संपली आणि मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळले. मग हळूच म्हणाले, हे टिकटिकतं होय.

सगळ्यांनी डोळे पुसले. मीही हसले. पण हात मागे घेताना माझ्या लक्षात आलं की खोलीतला एकही माणूस मास्तरांकडे बघत नव्हता. सगळे माझ्या कानाकडे बघत होते.

ड्रायव्हरने परत विचारलं, ताई, दम नाही ना लागत? मी चिडून म्हटलं, तुझ्या प्रश्नांनी लागायला लागेल. या वेळी तो हसला नाही. नंतर वॉर्डाच्या पायरीवर चिमणी दिसली. काटकुळी, मोठाल्या डोळ्यांची. ओठांना निळसर झाक. चार पायऱ्या चढायला तिला तीनदा थांबावं लागलं. लहानपणी आलेल्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली, लांबूनही कळतं. तिला तपासू का असं विचारलं, तर मोठ्या ताई म्हणाल्या, अजून नको. आधी तुमचा हात बसू दे.

माझा हात बावीस वर्षांपूर्वीच बसलाय. मोठ्या ताईंना म्हणायचंय तरी काय?

मंगळवार, १२ मार्च

डावा कान वाजतो आहे. एकच सूर, न थांबता, दळणाच्या गिरणीसारखा. बोटाला दोन दिवस लागले होते. कानाला एकच.

भ्यायचं नाही, विचार करायचा. कान वाजवणारी औषधं मला ठाऊक आहेत. सांधे आखडवणारीही असतील. म्हणजे कोणीतरी मला काहीतरी देतंय. चहा मावशी करतात, पण कपात ओतून खोलीवर आणतो कंपाउंडर. का? मावशींना पाय नाहीत का? आजपासून चहा मोरीत. पाणी माझ्या समोर उकळलेलं. अंडी मी स्वतः सोलणार.

गुरुवार, १४ मार्च

दोन दिवस अंड्यांवर काढले. कान तसाच. सुरात एवढासुद्धा फरक नाही.

शहरात जाऊन कान दाखवायचा आहे म्हटलं, तर जीप बिघडली आहे असं कळलं. तासाभराने तीच जीप विहिरीवरून पाण्याची पिंपं घेऊन आली. मी खिडकीतून बघत होते. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि मान फिरवली. मोबाइलला रेंज पहिल्या दिवसापासून नाही. पायी जायचं तर सर्वात जवळचा डांबरी रस्ता दोन दिवसांवर.

गावात सगळे किती चांगले वागतात. वाट सोडतात, दूध आणून देतात, म्हाताऱ्या बायका डोक्यावरून हात फिरवतात. माझ्यासारख्या तिखट बाईचं कोणी इतकं कौतुक करत नाही हो. घरच्यांनीही कधी केलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

परीक्षा घ्यायची ठरवली. माझ्या बॅगेत जुन्या वॉर्डातल्या हातमोज्यांच्या चार जोड्या होत्या. आज गुडघा आखडलेल्या एका आजीबाईला पुढे घेतलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर मोजे चढवले आणि तिचा गुडघा धरला. प्रार्थना अडखळत पुरी झाली. आजीबाईचा गुडघा होता तसाच राहिला. कोणी रागावलं नाही. मोठ्या ताई आजीला एवढंच म्हणाल्या, उद्या या.

माझा गुडघा ठीक आहे.

म्हणजे चहात काही नव्हतं. ही ओळ लिहायला मला अर्धा तास लागला.

शनिवार, १६ मार्च

बॅगेतले मोजे गेले. उरलेल्या तिन्ही जोड्या.

प्रार्थनेला गेले नाही. खोलीची कडी लावून बसले. दहा वाजता शिंपी दाराशी आला, चादरी शिवायला मापं हवीत म्हणाला. त्याचा उजवा डोळा पांढुरका पडलेला. मी दार चार बोटं उघडलं, तेवढ्यात त्याने माझं मनगट पकडलं आणि तळवा स्वतःच्या डोळ्यावर दाबून धरला. मी ओरडत होते आणि तो, एवढा बाप्या माणूस, रडत रडत माझी माफी मागत होता.

दुपारी चार वाजता अक्षरांवर धुकं. उजवा डोळा. सहा तास लागले.

अंतर कमी होत चाललंय.

सोमवार, १८ मार्च

आज सगळे प्रार्थनेत असताना मागच्या इमारतीत गेले. दाराला कुलूप नव्हतं. कशाला असेल?

तीन खाटा. स्वच्छ चादरी, फुलं, भिंतीवर घड्याळ. दोघी झोपलेल्या, की झोप नसेलही ती. तिसऱ्या खाटेवर एक म्हातारा, पाठीला पोक, हातपाय काड्यांसारखे, दोन्ही डोळे पांढरे. मास्तर त्याच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मला बघून उठले आणि बाहेर गेले.

म्हाताऱ्याने आवाजावरून ओळखलं. नवीन सिस्टर का, असं विचारलं. आवाज तरुण होता. वय सत्तावीस, असं त्याने सांगितलं. व्यायामोपचार शिकलेला.

"मी पण तीन महिन्यांसाठीच आलो होतो."

मी विचारलं, कळल्यावर पळाला का नाहीस? तो म्हणाला, पळायचं ठरवलं तेव्हा पाय गेले होते. मग म्हणाला की शेवटचं दुखणं त्याने जाणूनबुजून घेतलं. बाळंतीण होती, घरात तीन लहान पोरं. समोर तडफडत होती. नाही म्हणता येत नाही, सिस्टर, तेवढ्यासाठीच ते आपल्यासारखी माणसं निवडतात.

आवाराबाहेर हे लागू होतं का, असं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. तो बाहेर गेलाच नाही.

मंगळवार, १९ मार्च

मोठ्या ताईंच्या टेबलावर चिमणीचा केसपेपर होता. त्याला टाचणीने माझा कार्डिओग्राम जोडलेला. चार मार्चचा.

मी तो त्यांच्यासमोर आपटला. फसवणूक म्हणाले, खून म्हणाले, आणखी पुष्कळ म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही कोणाला फसवत नाही. कोणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही."

मग सांगितलं. त्या आल्या तेव्हा इथे औषध नव्हतं, रस्ता नव्हता, माणसं नुसती मरत होती. त्यांनी देवाकडे मागितलं की यांचं दुखणं मला दे. मागितलेलं मिळालं, आणि पुढे इथे सेवेला येणाऱ्या प्रत्येकालाही तेच. आता एका सेविकेमागे तीसेक माणसं बरी होतात. गाव सेविकेला मरेपर्यंत अंगाखांद्यावर सांभाळतं. हिशेब देवाचा आहे, त्यांचा नाही.

मग अजून स्वतःच का घेत नाही, असं विचारलं. त्यांनी माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. मी झटकून काढला, पण तेवढ्यात कळलं. आत काहीच नव्हतं. ठोका नव्हता.

माझ्यात आता जागा नाही, म्हणाल्या.

बुधवार, २० मार्च

चिमणीला परवा पुढे घेणार. मावशी सांगून गेल्या. रडत होत्या, आणि दूधही ठेवून गेल्या.

हातांना लोकरीचे पायमोजे घातलेत. वर दोरी गुंडाळली आहे. लिहिण्यापुरता एक काढते.

दुपारी ड्रायव्हर खिडकीशी आला. म्हणाला, ताई, उद्या सकाळी सगळे प्रार्थनेत असताना निघू, स्टेशनवर सोडतो. मी विचारलं, आणि तुझी पोरगी? तो खिडकीची कडी चाचपत राहिला. मग म्हणाला, तुमच्या आधीच्या तिघांना मीच आणलं. आता नाही होत.

विश्वास ठेवू? दुसरं आहे कोण?

गुरुवार, २१ मार्च, सकाळ

जीपमध्ये. फाटक ओलांडलं. कोणी अडवलं नाही. इतकं सोपं—

चिमणी मागे झोपली आहे. घोंगडीखाली होती, मला आधी दिसली नाही. वाटेत आत्याकडे सोडायचीय म्हणाला. घरी एकटी कशी ठेवू.

मी पुढे बसले आहे. मोजे घट्ट.

साडेदहा

जीप थांबली. इंजिन तापलं म्हणतो. डबा घेऊन पाण्याला गेला. आजूबाजूला नुसता माळ, घर नाही, विहीर नाही. मग पाणी कुठलं—

अकराला पाच कमी

चिमणी खोकते आहे. बसूनही श्वास पुरत नाही. ओठ जांभळे. बाबा कुठे, असं एकदा विचारलं. मी सांगितलं, येतोय. पुढे टेकून बस, हळू श्वास घे. लांबूनच सांगते आहे. बावीस वर्षांत पेशंटशी कधी लांबून बोलले नव्हते.

तिच्या फुफ्फुसात पाणी भरतंय. इथून इस्पितळ चार तास. चार तास नाहीत तिच्याकडे.

अकरा

ड्रायव्हर पाण्याला गेलाच नाही. शंभर पावलांवर उभा आहे, आमच्याकडे पाठ करून. डबा खाली पडलाय. खांदे हलताहेत.

मी ओरडले. तो वळला नाही.

किल्ली गाडीलाच आहे. मला गाडी चालवता येत नाही. उतरून चालू लागले तर— रस्ता सरळ आहे, एका डोळ्यालाही दिसतो. मी चालू शकते. मी जाऊ शकते.

उतरले. वीस पावलं गेले. परत आले.

कदाचित इथे बाहेर काही होणार नाही. साधी नाडी बघायची. कोणीही नर्स बघते. पायमोज्यातून नाडी लागत नाही.

दोरी सोडली.

लागली. एकशे साठ, तुटक. हात बर्फासारखा. तिने माझी बोटं धरून ठेवली आहेत, डाव्या हाताची. मीही सोडवली नाहीत. उजव्याने लिहिते. वहिनी, भाऊ, मला कोणी ढकललं नाही, हे लक्षात ठेवा. त्याला शिव्या देऊ नका, तो बाप—

एकशे दहा.

नव्वद. ओठ गुलाबी होताहेत. देवा, किती गोड पोर आहे. खिडकीतून बाबांना हाक मारते आहे, खणखणीत. तो वळला. पळत येतोय.

ती विचारते, ताई, तुम्ही एवढ्या घामेजल्या का? काही नाही गं, ऊन आहे. पायरी— श्वास जरा— बसते खाली, टेकून, म्हणजे

तिला म्हटलं, हात सोड आता, तुझं झालं, आता सो